नागपूर ते हडबीची शेंडी : चढाईइतकाच वेळ उतरणीला ठेवा

नागपूरच्या प्रस्तरारोहकांना मनमाडजवळची हडबीची शेंडी सोयीची पडते. सेवाग्रामसारखी रात्रीची गाडी पकडली की सकाळी मनमाड. तिथून रिक्षाने कातरवाडी आणि पुढे साधारण तासाभराची चाल. अंकाई-टंकाई या जोडकिल्ल्यांच्या शेजारचा हा सुळका रेल्वेतूनही दिसतो. अंगठ्यासारख्या आकारामुळे त्याला ‘थम्सअप’ही म्हणतात. उंची सव्वाशे फुटांच्या आसपास, म्हणून बरेच जण तो अर्ध्या दिवसाचा समजून संध्याकाळच्या परतीच्या गाडीचं तिकीट काढून ठेवतात. आमच्या मते या सहलीतला सगळ्यात मोठा धोका तोच आहे.

जानेवारी २०२२ मध्ये याच सुळक्यावर उतरताना झालेल्या अपघातात दोघांचा जीव गेला. माथा गाठून झालेला असतो, ऊन चढलेलं असतं, रात्रीची झोप अर्धवट झालेली असते आणि कुणीतरी घड्याळ बघत असतं. नेमक्या त्याच वेळी सगळ्यांचा भार एका अँकरवर, म्हणजे दोर खडकाला जिथे बांधतात त्या आधारावर येतो.

सहा जणांचा चमू असेल तर एकेकाला रॅपलिंगला (दोरावरून खाली उतरायला) वीस मिनिटं, म्हणजे नुसत्या उतरणीला दोन तास लागतात. दोर खेचणं आणि सामान आवरणं वेगळं. म्हणून पहिल्या दिवशी अंकाई-टंकाई पाहा, मनमाडला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना चढाईला लागा. परतीचं तिकीट तिसऱ्या दिवसाचं असू द्या. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. माणशी किमान चार लिटर पाणी खालूनच न्या.

खडक बेसॉल्ट. आडवे थर, मध्ये सुटे धोंडे, पायथ्याशी घसारा. हेल्मेट पायथ्याच्या बरंच आधी चढवा, कारण वरच्याच्या पायाने निसटलेला दगड खाली वाट बघणाऱ्याला लागतो. पकड घेण्याआधी दगड तळव्याने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर तो सोडा. लीड करणारा, म्हणजे सगळ्यांत पुढे दोर घेऊन चढणारा, शेवटच्या बोल्टच्या (खडकात बसवलेल्या खिळ्याच्या) २ मीटर वर असताना सुटला तर ४ मीटर पडतो, शिवाय दोराचा ताण वेगळा. पहिला बोल्ट ३ मीटरवर आणि माणूस ६ मीटरवर असेल तर तो थेट जमिनीवर येतो. सुरुवातीच्या टप्प्यात बिले देणाऱ्याने, म्हणजे खालून दोर धरून चढणाऱ्याला सांभाळणाऱ्याने, दोर ढिला सोडू नये.

आता दोर. ६० मीटरचा एक दोर दुहेरी केला की ३० मीटर उरतो आणि सव्वाशे फूट म्हणजे सुमारे ३८ मीटर. हिशोब इथेच चुकतो. दोन दोर जोडा, जोडगाठीच्या बाहेर ३० ते ४० सेंटिमीटर शेपूट ठेवा आणि खालच्या दोन्ही टोकांना जाड गाठी मारा. दोर खेचण्याआधी या गाठी सोडायची आठवण एकाने ठेवावी. अमेरिकन प्रस्तरारोहक ब्रॅड गोब्राइटने २०१७ मध्ये जोडीदारासह अमेरिकेतल्या योसेमिटीतल्या एल कॅपिटन कड्याच्या ‘नोज’ मार्गावर वेगाचा विक्रम केला होता. २०१९ मध्ये मेक्सिकोत तो आणि दुसरा एक जोडीदार एकाच दोराच्या दोन बाजूंनी एकाच वेळी उतरत होते, टोकांना गाठी नव्हत्या आणि टोक हातातून निघून गेलं. जोडीदार वाचला, गोब्राइट गेला.

अँकर एकाच बोल्टवर कधीच नको. जुन्या बोल्टभोवती गंजाचा ओघळ असेल, प्लेट हलत असेल किंवा भोवतीचा खडक भुगा होत असेल तर तो धरू नका. माथ्यावर लटकलेले जुने स्लिंग (पट्टीचे फास) उन्हाने कुजलेले असतात. ते कापून खाली आणा आणि स्वतःचे नवे बांधा. दोर स्लिंगमधून थेट ओवू नका, मध्ये लोखंडी कडी हवी. दोर खेचताना नायलॉनवर नायलॉन घासून वितळतं. डिसेंडरखाली (उतरताना दोर रोखणाऱ्या साधनाखाली) ६ मिलिमीटरच्या कॉर्डची प्रुसिक किंवा ऑटोब्लॉक ही दोर आवळून धरणारी गाठ प्रत्येकाला, अनुभवी माणसालाही.

अमेरिकन प्रस्तरारोहक टॉड स्किनरने १९८८ मध्ये एल कॅपिटनवरचीच सालाथे वॉल फ्री, म्हणजे दोर फक्त पडलं तर वाचायला ठेवून, चढली होती. २००६ मध्ये योसेमिटीत रॅपल करताना त्याच्या झिजलेल्या हार्नेसचा (कमरेला बांधायच्या पट्ट्यांचा) बिले लूप, म्हणजे साधन अडकवायचा पुढचा फास, तुटला आणि तो गेला. नागपुरात हार्नेस वर्षातून मोजक्या वेळा निघतो, बाकी काळ माळ्यावर उन्हाळा सोसतो. निघण्याच्या आठवडाभर आधी तो उजेडात उलगडा, शिवण आणि लूप बोटांनी चाचपा. धागे फुललेले दिसले की बाद. किंमत बघत बसू नका.

१९८९ मध्ये लिन हिल फ्रान्समध्ये सुमारे ७५ फुटांवरून पडली, कारण दोराची गाठ अर्धवट राहिली होती. झाडाच्या फांद्यांनी तिला वाचवलं आणि १९९३ मध्ये तिने ‘नोज’ पहिल्यांदा फ्री चढून दाखवला. जगातल्या उत्तम प्रस्तरारोहकांपैकी एकीची गाठ राहू शकते, तर महिन्या-दोन महिन्यांनी दोर हातात घेणाऱ्याची राहीलच. म्हणून फिगर ऑफ एट, ही हार्नेसला दोर बांधायची गाठ, बांधताना कुणी बोलायचं नाही, बोलवायचं नाही. बांधून झाली की जोडीदाराने गाठ, बकल आणि कॅराबिनरचा (जोडकडीचा) स्क्रू हात लावून तपासायचा.

मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा आणि पोळ्याखालचा मार्ग सोडून द्या. कुणी बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये लटकलं तर मदतीची वाट न बघता काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं. त्यासाठी जास्तीचा दोर आणि तो वापरता येणारा दुसरा माणूस चमूत हवाच. गावात निघण्याची आणि परतण्याची वेळ सांगून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, आणि कड्यावरच्या सुटकेसाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन नागपूर सोडण्याआधीच सगळ्यांच्या फोनमध्ये घालून घ्या.