दुकान हललं, पत्ता तिथंच राहिला

काकांचा फोन वाजला तेव्हा मी त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसले होते. लॅपटॉप नुकता उघडला होता. पलीकडून एक बाई बोलत होत्या, आणि आवाज इतका वैतागलेला की मलाही स्पष्ट ऐकू येत होता. "मी तुमच्या दुकानासमोर उभी आहे. शटर खाली आहे. एवढं जड मशीन उचलून आणलंय, किती वेळ थांबू?"

काकांनी दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्यावर कुणी नव्हतं.

काकांचं काम शिलाई मशीन दुरुस्तीचं. तीस वर्षांचा हात. दुकानं गूगलवर शोधणाऱ्याला नीट सापडावीत, हे माझं काम. मला बोलावलं होतं कारण दीड वर्षापूर्वी जागा बदलली, आणि तेव्हापासून नवं गिऱ्हाईक जवळजवळ थांबलं होतं. जुने लोक येत होते, त्यांना काकांनी नवी जागा सांगून ठेवली होती. मुलगा मात्र मानायला तयार नव्हता. "मॅडम, मी स्वतः रोज बघतो. माझ्या मोबाईलवर पहिलं नाव आपलंच येतं." तो खोटं बोलत नव्हता. पण तो दुकानात बसून शोधत होता. 'जवळची शिलाई मशीन दुरुस्ती' असं कुणी शोधलं, की शोधणारा कुठं उभा आहे यावर उत्तर बदलतं. दुकानात बसून शोधलं तर बहुतेक वेळा आपणच वर दिसतो. दुकानदारांची सर्वांत जास्त फसगत मी इथंच होताना पाहिली आहे.

मी काकांकडून फोन मागून घेतला. "ताई, मॅपवर दुकानाचं नाव काय दिसतंय, जरा वाचून दाखवता?"

त्यांनी वाचलं. पाटीवर होतं तसंच साधं, दोन शब्दांचं नाव. माझ्या स्क्रीनवर मात्र त्याच दोन शब्दांपुढे 'बेस्ट शिलाई मशीन दुरुस्ती घरपोच सेवा' अशी शेपटी होती.

म्हणजे गूगलवर दुकानाची प्रोफाइलं, नाव-पत्ता-नंबर दाखवणारी पानं, दोन होती. मुलानं मला फक्त नव्याचा अॅक्सेस दिला होता, आणि जुनं अस्तित्वात आहे हे घरात कुणाच्या लक्षातच नव्हतं. ते तीन किलोमीटर मागे, जुन्या जागेवर, व्यवस्थित चालू होतं आणि माणसं बंद शटरसमोर नेऊन सोडत होतं. नंबर काकांनी बदलला नव्हता, म्हणून या बाईंशी निदान बोलणं तरी झालं. फोन न करता परत गेलेले किती, ते कुणाला मोजता येणार?

पुढचा मिनिट मला अजून आठवतो. मुलगा मनानं चांगला, पण हाताचा घाईचा. त्यानं लगेच जुनं प्रोफाइल शोधलं, 'बदल सुचवा' दाबलं आणि 'कायमचे बंद' निवडलं. पाठवायचंच बाकी होतं. मी अक्षरशः त्याचा हात धरला.

"थांब! खाली जा. रिव्ह्यू बघ."

शंभराहून जास्त रिव्ह्यू होते, दहा-बारा वर्षांचे. कुणी आईच्या जुन्या पायमशीनचा फोटो टाकला होता, कुणी लिहिलं होतं की दोन ठिकाणी 'नवंच घ्या' असं सांगितलं आणि काकांनी नुसतं टायमिंग लावून दिलं. नव्या प्रोफाइलवर चार रिव्ह्यू होते. त्यातला एक मुलाच्या मित्राचा.

स्थानिक निकाल कशावर ठरतात हे गूगलनं स्वतःच सांगितलेलं आहे: शोधाशी मेळ, अंतर आणि नावलौकिक. अंतर आपल्या हातात नसतं. मेळ बऱ्यापैकी असतो. आणि नावलौकिक वर्षानुवर्षं साठतो. काकांचा साठलेला सगळा त्या जुन्या प्रोफाइलवर होता, आणि आम्ही त्यावर 'कायमचे बंद' असा शिक्का मारायला निघालो होतो. जागा बदलली तर त्याच प्रोफाइलवर पत्ता बदलायचा असतो, नवं काढायचं नसतं. मुलाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. नवं काढून देणाऱ्यानंही नाही, आणि नावात ते शब्द कोंबले होते त्यानंच. ते नियमाला धरून नव्हतं, त्यापायी प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं. डिसेंबर २०२१ मध्ये गूगलच्या स्थानिक निकालांत जो मोठा बदल झाला, ज्याला आमच्या धंद्यातले लोक व्हिसिनिटी म्हणतात, त्यानंतर अशा कोंबाकोंबीचा फायदाही बराच उतरला आणि अंतराचं वजन वाढलं.

जुनं प्रोफाइल कुणाच्या नावावर होतं? काकांना बराच वेळ आठवेना. मग एकदम म्हणाले, "तो पोरगा! आपल्याकडे काम शिकायला होता." त्यानं कधीकाळी स्वतःच्या ईमेलवरून ते बनवून दिलं होतं, आणि पुढे काम सोडून गेला होता. मालकीची विनंती पाठवली की समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस असतात. आम्ही विनंती पाठवली, पण काकांनी त्यावर न थांबता जुन्या वहीतून त्याचा नंबर काढला. तो पलीकडून म्हणाला, "ते गूगल माय बिझनेस? अजून आहे होय?" ते नाव नोव्हेंबर २०२१ मध्येच बदललं, आता बिझनेस प्रोफाइल म्हणतात. त्यानं त्याच संध्याकाळी मालकी काकांच्या खात्यावर दिली, आणि नंतर अर्धा तास दोघं कुठल्याशा ओव्हरलॉक मशीनबद्दल बोलत बसले.

पत्ता बदलला, पिन ओढून बरोबर दारावर ठेवली. पडताळणीसाठी व्हिडिओ मागितला गेला. तो एकसलग लागतो, मध्ये कापलेला चालत नाही. बाहेरचा रस्ता, पाटी, आतली हत्यारं, आणि दुकान आपल्याच ताब्यात आहे हे दाखवणारं काहीतरी. काकांनी किल्लीनं कुलूप उघडताना दाखवलं, मग एक मशीन उलटं करून हूक दाखवत कॅमेऱ्याला समजावायलाच लागले. मी मध्ये बोलले नाही.

व्हेरिफिकेशन झाल्यावर नवं प्रोफाइल डुप्लिकेट म्हणून जुन्यात विलीन करायची विनंती केली. मुख्य कॅटेगरी 'शिलाई मशीनचं दुकान' होती. काका मशीन विकतच नाहीत. ती दुरुस्ती सेवेची केली, आणि माझ्या मते पत्त्यानंतर सर्वांत जास्त फरक याच एका बदलानं पडला. आणखी नऊ कॅटेगऱ्या जोडता येतात म्हणून मुलाला नऊच्या नऊ हव्या होत्या. आम्ही एकच जोडली.

मधल्या काळात मुलाला कुणीतरी रिव्ह्यू विकत देऊ केले. त्यानं मला विचारलं, हे त्याचं मोठेपण. मी सांगितलं, खोटे रिव्ह्यू पकडले गेले की खऱ्यांवरही संशय येतो, आणि तुझ्या वडिलांना त्याची गरज नाही. फक्त खूश दिसणाऱ्यांनाच रिव्ह्यू मागायचा, हेही नियमात बसत नाही. काम झालेल्या प्रत्येकाला एकदा सांगायचं आणि सोडून द्यायचं.

काही आठवड्यांनी मी वेगवेगळ्या अंतरांवर जाऊन शोधून पाहिलं. यादीत वर तीनच नावं दिसतात, ऑगस्ट २०१५ पासून, त्याआधी सात असायची. जुन्या जागेच्या आसपास काका त्या तिनात होते, नव्या जागेच्या चहूबाजूंनी होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्हते. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. तिथं वर आणून देतो म्हणणारे भेटतील, पण ते माझ्या हातात नाही.

"तिकडं तिकडचा कारागीर असेलच की," काका म्हणाले. "इकडचे फोन यायला लागलेत, तेवढं पुरे."

त्या दिवशीच्या बाई तासाभरात मशीन घेऊन नव्या जागी आल्या होत्या. काकांनी आधी त्यांना बसवलं, मग मशीन उघडलं. त्यांचं काम होईपर्यंत मी जुने रिव्ह्यू चाळत होते. मागच्या दीड वर्षातले तीन एका ताऱ्याचे होते. तिघांनीही जवळपास तेच लिहिलं होतं: आलो, बंद होतं, परत गेलो.

प्रोफाइल ताब्यात आलं, त्या रात्री काकांना उत्तर कसं द्यायचं ते दाखवलं. मुलगा म्हणाला, मी टाइप करतो. त्यांनी मोबाईल दिला नाही. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, तिघांनाही वेगवेगळं लिहिलं. पहिल्याला लिहिलं: 'तुमची खेप वाया गेली. जागा बदलली होती, सांगायचं राहिलं, चूक माझी. मशीन अजून बिघडलेलंच असेल तर घेऊन या.'