अंधाराला पाच मिनिटं द्या: आईसोबत अंकाईची लेणी

आमच्या आईचं माहेर येवल्याचं. मी लहान असताना मनमाडहून येवल्याला जाताना ती गाडीच्या खिडकीतून न चुकता बोट दाखवायची, "ते बघ, अंकाई-टंकाई." दोन डोंगर, मधे खिंड, आणि त्याच भागात हडबीची शेंडी, जिला आता सगळे थम्सअप म्हणतात कारण अंगठा वर केल्यासारखा तो सुळका दिसतो. आईने हे डोंगर शेकडो वेळा बघितले असतील पण पायाखाली एकदाही घातले नव्हते. आता तिचं वय 63, एक गुडघा कुरकुरतो. दिवाळीनंतर एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "तिथं लेणी आहेत म्हणे, आत जाता येतं का रे?" बस, माझं ठरलं.

पण त्याआधी मला माझी एक चूक सांगायची आहे, कारण ही पोस्ट मी मुळात तिच्यामुळेच लिहितोय.

चार वर्षांपूर्वी मी एका शनिवारी दुपारी एकटाच बाईक काढून त्रिंगलवाडीला गेलो होतो. इगतपुरीजवळचं गाव, वर किल्ला आणि किल्ल्याच्या पायथ्याला एक जैन लेणं. सुंदर लेणं आहे, कोरीव दरवाजा, आत मोठा चौकोनी मंडप आणि गाभाऱ्यात ऋषभनाथांची (जैनांचे पहिले तीर्थंकर) बसलेली मूर्ती, जी आता बरीच फुटली आहे. शके 1266 म्हणजे इसवी सन 1344 चा लेख आहे तिथे. मी टॉर्च नेलाच नव्हता, मोबाईल आहे ना असं वाटलं, आणि मोबाईलची बॅटरी 9 टक्के. गाभाऱ्यात उभा होतो आणि मोबाईल बंद पडला. तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं, मागे दाराचा उजेड दिसत होता, पण मी घाईघाईत वळलो आणि दगडी उंबऱ्याला पाय अडकून असा पडलो की घोटा तिथल्या तिथे सुजला. घरी कोणालाच सांगितलं नव्हतं कुठे चाललोय ते. गावातल्या एका पोराने धरून खाली आणलं, त्याच्या घरी गरम पाण्यात पाय घातला, त्याच्याच मोबाईलवरून फोन केला. घरी पोचायला रात्रीचे दहा वाजले आणि आई तोवर मला चौदा वेळा फोन लावून बसली होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून यावेळी सगळं नीट केलं. सोबत माझी भाची पण होती, सातवीत आहे, अंधाराची भीती वाटते तिला, रात्री पॅसेजचा दिवा चालू ठेवूनच झोपते. ताई म्हणाली नको नेऊस, भाची म्हणाली मामा मला यायचंय. मग आधी एका रविवारी तिला आपल्या पांडवलेण्यांवर नेलं, त्रिरश्मीवर. तिथे 24 लेणी आहेत, पायऱ्या आहेत, माणसांचा राबता आहे, त्यामुळे सवय करायला याहून चांगली जागा नाशिककरांना नाही. तिथलं 10 नंबरचं लेणं तिला फार आवडलं, कारण मी तिला सांगितलं की नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याने इथल्या भिंतीवर हिशेब कोरून ठेवलाय, 3000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, भिक्षूंसाठी दिले आणि ते गोवर्धनमधल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, व्याजाने ठेवले, 2000 महिना शेकडा एक दराने आणि 1000 महिना शेकडा पाऊण दराने. ती म्हणाली म्हणजे एफडी? मी म्हटलं हो गं, जवळजवळ तेच, आणि गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर रोडकडचंच. तिचे डोळे एवढे मोठे झाले. भीतीचं नाव पण काढलं नाही तिने त्या दिवशी.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण बरेच जण विचारतात की गाईड नसताना गुहेत जायचं म्हणजे धोका नाही का. गुहा गुहेत फरक असतो. मेघालयात चुनखडीच्या गुहा आहेत, पाण्याने दगड विरघळून झालेल्या, क्रेम लियाट प्राह तर 30 किलोमीटरपेक्षा लांब आहे, फाटे, पाणी, खोल खड्डे, तिथे जाणकार माणसाशिवाय पाऊल टाकायचं नाही. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा पाषाण, आणि तो पाण्यात असा विरघळत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक गुहा माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेल्या, एक दार, एक ओसरी, एक मंडप, मागे गाभारा. आत हरवायला जागाच नसते. धोका असतो तो बाहेर, चढताना, आणि मोहोळांचा. आग्या मोहोळ हा आपल्या डोंगरांवरचा खरा धोका आहे, सापापेक्षा जास्त, हे मी अगदी मनापासून सांगतो. अत्तर, डिओ मारून जाऊ नका, धूर करू नका, आरडाओरडा करू नका, आणि दारात पाऊल टाकायच्या आधी मान वर करून छत बघा.

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. सकाळी सहाला नाशिक सोडलं, चांदवडला चहा घेतला, तिथून मनमाड आणि मग येवला रस्त्याने अंकाई, सगळं मिळून शंभरएक किलोमीटर. रस्त्याला लाल कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग होती, आई काच खाली करून भाव विचारत होती. अंकाई गावात गाडी लावली. निघायच्या आधी ताईला मेसेज टाकला होता, कुठे चाललोय, चढायला कधी सुरुवात आणि दुपारी दोनपर्यंत माझा फोन आला नाही तर गावात कोणाला फोन करायचा. हा गावातला नंबर एका टपरीवाल्या दादांकडून आदल्या दिवशीच घेतला होता, ओळखीतून ओळख काढून. दादा म्हणाले, "वर मधाचं पोळं हाय डाव्या अंगाला, आवाज करू नका, आन दुपारच्या आत खाली या." हे एक वाक्य मला कुठल्या वेबसाईटवर मिळालं नसतं. गावात थांबा, चहा प्या, विचारा. पाच मिनिटं जातात फक्त.

लेणी टंकाईच्या अंगाला आहेत, दक्षिणेकडे तोंड करून, साधारण अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपासची जैन लेणी. पायऱ्या आहेत, माझ्या पायाने पंधरा-वीस मिनिटं, आईसोबत पस्तीस लागली आणि ती पस्तीस मिनिटं फार छान गेली. दर वीस पायऱ्यांना ती थांबायची आणि खाली बघून सांगायची, तो येवल्याचा रस्ता, ती रेल्वेलाईन, त्या गाडीतून मी बघायचे इकडं. वर पोचलो तर आम्ही तिघं आणि दोन माकडं, बाकी कोणी नाही. पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड तेवढा होता. गाईड नाही, तिकीट नाही, कोणी पुढे चला म्हणणारं नाही.

मी छत बघितलं, मग जमीन बघितली, मग आम्ही पहिल्या लेण्यात शिरलो आणि मी सगळे टॉर्च बंद करायला लावले.

हे मला कोणी शिकवलं नाही, त्रिंगलवाडीच्या त्या अंधाराने शिकवलं. उन्हातून आत आलं की डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि आपण लगेच टॉर्च लावतो, मग फक्त टॉर्चचा गोल दिसतो, बाकी लेणं गायब. त्याऐवजी ओसरीत बसा. पाच मिनिटं. भाचीने माझा हात घट्ट धरला होता, तळहात ओला. पहिलं मिनिट ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली मामा, खांब दिसतोय. मग म्हणाली, त्याच्या मागे अजून एक आहे. मग हात सोडला तिने. एक एक करून सगळं अंधारातून वर येत होतं, जणू लेणं आपणहून ओळख करून देतंय. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या व्हायला थोडा वेळ लागतो, आणि पूर्ण अंधाराला डोळे सरावायला तर अर्धा तास सुद्धा, पण लेण्यासाठी पाच मिनिटं पुरतात.

मग टॉर्च. समोरून मारला की दगड सपाट दिसतो, फोटोत येतो तसा. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा धरायचा. भाचीने धरला आणि भिंतीवर बारीक बारीक रेघा उठल्या, सगळ्या एका दिशेने, बोटभर लांब, काही ठिकाणी आडव्या तिडव्या. छिन्नीचे घाव. हजारेक वर्षांपूर्वी कोणीतरी इथे उभं राहून मारलेले. आई जवळ गेली, चष्मा वर केला, बोट न लावता हवेतच त्या रेघांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "सारवणासारखं आहे गं हे. शेणाने सारवल्यावर बोटं उमटतात ना जमिनीवर, अगदी तसं. हा माणूस उजव्या हाताचा होता बघ." मी आजपर्यंत इतकी लेणी बघितली पण हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या एका लेण्यात ओसरीच्या टोकाला अंबिका आहे, जैन तीर्थंकर नेमिनाथांची यक्षिणी. भाची म्हणाली बाई कुठली आहे ही, चेहरा झिजलाय. आईने वर बघितलं आणि लगेच सांगितलं, आंब्याचं झाड आहे डोक्यावर. खरंच, तिरप्या उजेडात पानांचे झुबके स्पष्ट दिसायला लागले. तिने चप्पल बाहेर काढून आत येऊन नमस्कार केला. त्याच रांगेत एका छतावर मोठं कमळ कोरलंय, पाकळ्यांच्या एकात एक रांगा आणि पाकळ्यांवर नाचणारी, वाद्यं वाजवणारी छोटी छोटी माणसं, ते बघायला भाची चक्क ओढणी अंथरून उताणी झोपली आणि दहा मिनिटं उठलीच नाही. रात्री दिवा लावून झोपणारी पोरगी, लेण्यात, उताणी. मला ताईला फोटो पाठवायचा होता पण रेंज नव्हती.

एका लेण्यातून वटवाघळांचा वास आणि चिकचिक असा आवाज येत होता, तिथे आम्ही गेलो नाही. त्यांना टॉर्चने दिवसा उठवणं चूक आहे, आणि त्यांच्या लेंडीच्या धुळीतल्या बुरशीने फुप्फुसाला आजार होऊ शकतो, तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, लहान मुलांना घेऊन तर नाहीच, असल्या खोलीत शिरू नये. आणि भिंतींवर नावं कोरलेली दिसली, बाणाचे बदाम, तारखा. फार वाईट वाटलं. एका खांबावर तर नाव मूर्तीच्या पोटावर होतं. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे कायद्यात, पण कायदा तिथे उभा नसतो, आपण असतो, तेव्हा मुलांना सोबत नेलं की हे तिथेच दाखवून सांगा.

सामान म्हणाल तर प्रत्येकाला एक डोक्याला बांधायचा टॉर्च, पाठीवरच्या पिशवीत एक जादा टॉर्च आणि सेल, माणशी दोन लिटर पाणी, पकड असलेले बूट, आणि मोबाईल फक्त फोन करायला. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं, नवख्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच धरा, एप्रिल-मेमध्ये तो दगड तव्यासारखा तापतो.

सावलीत बसून भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. अंकाईच्या माथ्यावर अगस्ती ऋषींचं स्थान आहे, पण तो चढ मोठा आहे, आईच्या गुडघ्याला झेपला नसता, म्हणून तिथूनच खाली वळलो. एक वाजून चाळीस मिनिटांनी गावात आलो, ताईला फोन लावला, टपरीवाल्या दादांना सांगितलं सगळे खाली आलो.

परत येताना आई येवल्याच्या मावशीशी फोनवर बोलत होती, "अगं आत जाऊन आले मी, आत. आंब्याची पानं सुद्धा कोरलीत." मग थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "तू पण चल पुढच्या खेपेला. गुडघा बांधून ये, पण ये."