तेल बघून बॉल

भाचा बंगळुरूहून आलाय आणि कपड्यांपेक्षा जड बॅग बोलिंगच्या बॉलची आहे. क्रिकेटचं नव्हे, लांब पट्टीवर जड बॉल घरंगळत सोडून टोकाच्या दहा पिना पाडायच्या, ते बोलिंग. ताई वैतागलीय, तो भाग वेगळा. आज त्याला घेऊन संभाजीनगरच्या एका मॉलात खेळायला गेलो.

लेनवर, म्हणजे त्या पट्टीवर, तेल मारलेलं असतं हे आपल्याकडं किती जणांना ठाऊक असेल? फाउल लाइनपासून (बॉल टाकताना जी ओलांडायची नाही ती रेघ) पहिली पिन ६० फुटांवर, त्यातल्या साधारण ४० फुटांपर्यंत तेल. तेही मधोमध जास्त, कडेला कमी. तेलावर बॉल घसरत जातो, कोरडं लागलं की पकड घेतो आणि वळतो. थोडक्यात, क्रिकेटसारखी खेळपट्टी वाचायची. फक्त इथली डोळ्यांना दिसत नाही!

मग ओळखायचं कसं? बॉल परत आला की त्याच्यावर तेलाचं बारीक कडं उमटलेलं असतं. भाचा प्रत्येक वेळी ते टॉवेलनं पुसतो. आज टॉवेल जवळपास कोराच. "मामा, लेन पार सुकलीय बघा."

त्याचा खरबरीत घासलेला रिॲक्टिव्ह रेझिनचा (जास्त पकड घेणाऱ्या मटेरियलचा) बॉल भरपूर तेलासाठी. इथं तो अर्ध्यातच वळून डावीकडच्या गटरात, म्हणजे लेनच्या कडेच्या खोबणीत. मग त्यानं चकचकीत पॉलिशवाला काढला, तो लांब जाऊन वळला आणि स्ट्राइक, एकाच बॉलमध्ये सगळ्या पिना आडव्या! एकटी पिन उरली की मात्र सरळ जाणारा प्लॅस्टिकचा. भाड्याचे बॉल बहुतेक तसलेच, म्हणून आपले कितीही मनगट फिरवलं तरी वळत नाहीत.

निघताना काउंटरवर विचारलं, तेल कधी मारता? पोरगा म्हणाला, "मशिनमध्ये ना सर?"