“टाळेबंदी आहे असं कंपनीकडून लिहून आणा”: संपकरी कुटुंबांच्या पीएफसाठी केलेली धावपळ

संपावरच्या कामगारांना मदत करायची म्हटली की लोक गहू-तांदूळ आणून देतात. ते लागतंच, आणि आमच्या भागातल्या लोकांनी ते मनापासून दिलं. पण तिसऱ्या पगाराची तारीख कोरडी गेली की घरभाडं, शाळेची फी, गाडीचा हप्ता हे धान्याच्या पोत्यातून भागत नाही. रोख लागते. आणि ती रोख या माणसांच्या स्वतःच्याच नावावर पीएफमध्ये पडून होती. ती काढताना जो ताप झाला, त्याची चीड अजून गेलेली नाही. दुसऱ्या कुठल्या गेटबाहेर बसलेल्यांना उपयोग होईल म्हणून लिहिते आहे. मी हे २०२५ च्या पावसाळ्यात लिहितेय आणि नियम तेव्हाचे आहेत. तुम्ही अर्ज कराल तेव्हा ताजे नियम बघून घ्या.

एमआयडीसीच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. गेटवर येणारे-जाणारे सगळे ओळखीचे. २०२४ च्या दिवाळीनंतर संप झाला. वेतनकराराची मुदत संपून गेली होती, बोलणी होत नव्हती, वर युनियनच्या कमिटीतल्या काही जणांना निलंबित केलं होतं. डिसेंबरअखेर युनियनने लेखी पत्र देऊन संप मागे घेतला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीची माणसं डबे घेऊन गेली तर गेट बंद. आत घ्यायचं तर आधी हमीपत्रावर सही करा: यापुढे असं वागणार नाही, झालं ते चुकलं, वगैरे. बहुतेकांनी सही केली नाही. मला विचाराल तर बरोबर केलं. महाराष्ट्रात १९७१ चा कायदा आहे, युनियनला मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांबद्दलचा. कायदेशीर संपावर असलेल्या कामगाराला परत घेण्याआधी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सही करायला लावणं त्यात अनुचित प्रथा म्हणून दिलेलं आहे.

आता पीएफचा तेव्हाचा नियम. कारखाना पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ टाळं लावून किंवा बंद करून ठेवला असेल आणि कामगार कुठल्याही भरपाईविना बेकार झाले असतील, तर सभासदाला त्याच्या स्वतःच्या वर्गणीतून, व्याजासकट, परत न करायची उचल मिळते. पीएफच्या योजनेतला हा परिच्छेद ६८-एच. त्यातच पुढे म्हटलंय की दोन महिने किंवा जास्त पगार मिळाला नसेल तरी उचल मिळते, मात्र पगार न मिळण्याचं कारण संप नसावं. म्हणजे सगळं अडतं ते इथे. कागदावर संप लागला की हात रिकामे, टाळेबंदी लागली की पैसे मिळतात. आणि कारखाना बंद कुणी ठेवलाय हे ठरवायला बसलेला माणूस खिडकीमागे असतो, गेटवर तो कधी आलेला नसतो.

फॉर्म भरणं काहीच अवघड गेलं नाही. ज्यांचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, चालू, आधार आणि बँक खातं जोडलेलं, त्यांना आधारवाला एकत्रित दाव्याचा फॉर्म कंपनीच्या सहीशिवाय थेट पीएफ ऑफिसात देता येतो. आम्ही दुकानात संध्याकाळी बसून गठ्ठेच्या गठ्ठे भरले. युनियनची पोरं याद्या करायची, मी तपासायची.

मग खिडकी. ऑफिस कुठलं ते लिहीत नाही. तिथल्या बाबूंनी वरचा एक फॉर्म बघितला आणि गठ्ठा तसाच माझ्याकडे सरकवला.

“ही सगळी संपवाली ना? नाही देता येत.”

“संप मागे घेतलाय. गेट कंपनीने बंद ठेवलंय.”

“आमच्याकडे कंपनीचं पत्र आहे. कामगार बेकायदेशीर संपावर आहेत म्हणून. तुम्ही म्हणताय टाळेबंदी, तर टाळेबंदी आहे असं कंपनीकडून लिहून आणा.”

कंपनीकडून! जी कंपनी गेटमधून आत सोडत नाही, तिने लिहून द्यायचं की होय, आम्हीच टाळं लावलंय. मी परत परत गेले. कधी साहेब मीटिंगला, कधी सर्व्हर बंद, कधी “वरून मार्गदर्शन मागवलंय”. फॉर्म घेत नव्हते, त्यामुळे नाकारल्याचा शेराही मिळत नव्हता. हे सगळ्यात वाईट. नाकारलं असतं तर त्यावर तक्रार करता आली असती. इथे आम्ही अर्ज केला होता याचाच पुरावा नव्हता. माझ्याबरोबर आलेला एक कामगार, बावीस वर्षं त्याच कंपनीत प्रेसवर काम केलेला, बाकावर बसून फक्त एवढं म्हणाला, “ताई, माझेच पैसे आहेत ना हे?” त्या दिवशी मी ठरवलं की आता खिडकीशी बोलणं बंद, जे काय ते कागदाने.

म्हणून पहिली गोष्ट: खिडकीवर घेत नसतील तर आवक-जावकला द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. तिथेही नाही म्हणाले तर पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवा. शिक्का किंवा पोचपावती, दोनपैकी एक हातात आल्याशिवाय अर्ज केला असं धरूच नका. पोस्टाने गठ्ठा गेल्यावर त्यांना तो नोंदवावाच लागला, आणि तिथून गोष्टी हलायला लागल्या.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. गेटवर कंपनीने नोटीस चिकटवली होती, चारी कोपऱ्यांना खाकी चिकटपट्टी, खाली मॅनेजरची सही. “हमीपत्र दिल्याशिवाय प्रवेश मिळणार नाही.” पण नोटिशीवर तारीख नव्हती. तारीख नाही म्हणजे पंधरा दिवस कधीपासून मोजायचे? सुदैवाने पहिल्याच दिवशी एका पोराने त्या दिवसाचा पेपर नोटिशीशेजारी धरून फोटो काढला होता. पेपरचं नाव, तारीख, नोटीस, मागे गेटचं कुलूप, सगळं एका चौकटीत. तो फोटो मी मोठा करून छापला. तुमच्याकडे नोटीस लागली तर पहिल्या तासात हे करा, कारण आमच्याकडची नोटीस काही दिवसांनी काढून टाकली.

पण फोटोवर बाबू मानतील असं मला वाटत नव्हतं. खरा कागद मिळाला तो सहायक कामगार आयुक्तांकडे. तिथे तडजोडीच्या बैठका चालू होत्या. प्रत्येक बैठकीत कोण काय म्हणालं त्याचं इतिवृत्त होतं आणि त्याखाली दोन्ही बाजूंच्या सह्या असतात. जानेवारीतल्या एका बैठकीत कंपनीच्या प्रतिनिधीने स्वतः नोंदवलं होतं की हमीपत्र न देणाऱ्यांना आत घेणार नाही. हेच तर हवं होतं! कायद्यात टाळेबंदीची व्याख्या फक्त कुलपाची नाही. कामाची जागा तात्पुरती बंद करणं, काम थांबवणं किंवा मालकाने कामगारांना कामावर ठेवायला नकार देणं, हे सगळं तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे टाळेबंदीत यायचं. म्हणजे बाबू मागत होते ते कंपनीने लिहून दिलेलंच होतं, फक्त दुसऱ्या सरकारी ऑफिसात. युनियनने अर्ज करून त्याची प्रमाणित प्रत काढली.

त्याच काळात प्रत्येक कामगाराकडून वैयक्तिक पत्र लिहून घेतलं: मी कामावर यायला तयार आहे, अमुक तारखेपासून मला गेटवर अडवलं जात आहे. युनियनचं एक पत्र आहे ना, मग वेगळं कशाला, असं काही जण म्हणत होते. मी हट्ट धरला. पीएफ हा एकेकाचा दावा असतो, त्याच्या फाईलला त्याच्या नावाचा कागद हवा.

मग मी एक पान तयार केलं आणि या पानाचा मला अभिमान आहे. डावीकडे तारीख, मध्ये काय घडलं, उजवीकडे त्याचा कागद कुठला. संप सुरू झाला ती तारीख. कंपनीने पीएफ ऑफिसला पत्र लिहिलं ती तारीख. संप मागे घेतल्याचं युनियनचं पत्र. नोटीस. तडजोड बैठकीचं इतिवृत्त. एकाखाली एक लिहिल्यावर जे दिसलं ते कुणालाही दिसलं असतं: ज्या पत्राच्या जोरावर आम्हाला परत पाठवत होते, ते संप मागे घेण्याच्या आधीचं होतं. त्या दिवशी ते खरं असेल. त्यानंतर गेट कंपनीचं होतं आणि कुलूपही कंपनीचं.

आता हे पान दाखवायचं कुणाला? पीएफवाले दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत “निधी आपके निकट” म्हणून शिबिर घेतात, २०२३ पासून. तिथे अधिकारी स्वतः बसतात. मी दोन युनियनवाले आणि तीन कामगारांच्या बायका घेऊन गेले. बायका मुद्दाम नेल्या. घरात काय चाललंय ते त्यांनी सांगावं असं मला वाटत होतं, आणि त्यांनी फार नीट सांगितलं, न रडता, भाडं किती, फी किती, दुकानदाराची उधारी किती. अधिकाऱ्यांनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं. कंपनीच्या पत्राच्या तारखेवर पेन टेकवून थांबले. इतिवृत्ताची प्रत मागितली, सह्या बघितल्या. मग म्हणाले, “हे आधी का नाही आणलं?” मी पोस्टाच्या पावत्या पुढे ठेवल्या. ते काही बोलले नाहीत, पण फाईलवर शेरा मारला आणि पहिल्या गठ्ठ्यातले दावे मार्चमध्ये मंजूर व्हायला लागले. पहिला मेसेज आला तेव्हा दुकानात गर्दी होती. ज्याचा होता त्याने तो मोठ्याने वाचला, मग परत वाचला. मी मशीन बंद करून सगळ्यांना चहा सांगितला.

काही गोष्टी मध्येच राहिल्या, त्या आता सांगते.

एजंट फिरत होते. टक्केवारी घेऊन सगळ्यांचा अर्ज “आजारपण” या कारणाखाली भरून देतो म्हणत होते. आजारपणाच्या उचलीला संपाची अट नाही हे खरं, किमान नोकरीचीही अट नाही, आणि घरात खरंच कुणी दवाखान्यात असेल तर तोच रस्ता धरा. पण खोटं कारण लिहू नका. जो कामगार आधीच कंपनीच्या डोळ्यावर आहे, त्याच्या नावाने खोटा अर्ज म्हणजे त्यांच्या हातात आयतं शस्त्र.

ज्यांना बडतर्फ केलंय आणि त्यांची केस कोर्टात चालू आहे, त्यांच्यासाठी त्याच ६८-एच मध्ये वेगळी सोय आहे, स्वतःच्या हिश्श्याच्या निम्म्यापर्यंत. आमच्या कमिटीवाल्यांपैकी काहींना यातूनच मिळाले. त्यांना वाटत होतं आपल्याला काहीच मिळणार नाही.

ईएसआय म्हणजे कामगार विमा, त्याबद्दल गेटवर अफवा होती की संप झाला म्हणजे कार्ड बंद. एका कंत्राटी कामगाराची बायको गरोदर होती, ती तपासणीला जायचीच थांबली होती. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी भरलेली असेल तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत लाभ चालू राहतो, ऑक्टोबर ते मार्चची असेल तर जुलै ते डिसेंबर. संपाच्या दिवसांचा आजारपणाचा रोख भत्ता मिळत नाही, पण डॉक्टर आणि औषधं कुटुंबाला मिळतात. हे तिला सांगितलं, ती गेली, उपचार मिळाले.

माझे वडील १९८२ च्या संपातले. १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्या थांबल्या, डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आम्ही गावी परतलो, चुलत्यांनी वर्षभर धान्य पुरवलं. पुढे २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली तेव्हा ज्यांनी तिकीट नंबर, पीएफ, ईएसआयचे कागद जपले होते तेच उभे राहू शकले. म्हणून मी प्रत्येकाच्या फाईलची एक जादा प्रत काढून दिली, पैसे न घेता. ती घरी ठेवा, युनियनच्या कपाटात नको.

बँकेचं तर आधीच सांगायला हवं होतं. पैसे पगाराच्या खात्यात येतात, आणि त्याच खात्यातून थकलेले हप्ते आपोआप कापले जातात. आमच्या एकाची निम्मी रक्कम अशी एका रात्रीत गेली. दावा टाकण्याआधी बँकेत जाऊन हप्ता पुढे ढकलण्याचा लेखी अर्ज द्या, त्याचीही पोच घ्या. खातं बदलायचं तर तेव्हा कंपनीची ऑनलाइन मंजुरी लागायची, आणि ती कंपनी कशाला देते! एप्रिल २०२५ पासून ती अट काढून टाकलीय, त्यामुळे आता दुसरं खातं जोडता येतं.

नावातल्या आणि जन्मतारखेच्या चुकांमुळे अडकलेले काही दावे अजून बाकी आहेत, कारण त्या दुरुस्तीच्या अर्जावर कंपनीची सही मागतात. त्या सगळ्यांनी येत्या २७ तारखेला आधार, शाळेचा दाखला, जुनी पगारस्लिप आणि आधी पाठवलेल्या अर्जाची पोस्टाची पावती घेऊन सकाळी दुकानाशी यावं. रिक्षा ठरवली आहे.