तुम्ही विचारलंत म्हणून: तीस-चाळीसच्या साईटवर गाडी बसेल का?

बसते. हे उत्तर मी इतक्या जणांना दिलंय की आता त्या एका शब्दाचाच राग येतो. साईट, म्हणजे घराचा प्लॉट, बेळगावात कणबर्गीकडची असो, अनगोळची असो की तिकडे खानापुरातली, घर बांधायला काढलेला प्रत्येक जण आधी हेच विचारतो: घर बांधून आत गाडी बसेल ना? ‘बसते’ म्हटलं की कागद गुंडाळून निघतो. पुढचं ऐकायला कुणाला सवड नसते. पुढचं एवढंच आहे की गाडी बसते हो, पण गाडीतून माणूस उतरतं का, ते आधी बघा.

हिशेब मांडतो. रस्त्याकडे ३० फूट, आत ४० फूट. सोडायची जागा तुमच्या रस्त्याच्या रुंदीवर आणि मंजुरीवर ठरते. उदाहरणापुरती पुढे ५ फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना ३-३ फूट धरू. बांधायला उरलं २४ बाय ३२. आता रस्त्यावर उभे राहून घराकडे तोंड करा आणि डावा कोपरा गाडीला द्या. बाजूच्या ३ फुटांतून कंपाउंडच्या भिंतीचे ६ इंच वजा केले की अडीच फूट मोकळे. घराच्या २४ फुटांतून साडेसात फूट कापले की पोर्च १० फूट रुंद झाला. लांबीला पुढच्या ५ फुटांतून भिंतीचे ६ इंच गेले, घरातले १२ फूट घेतले, झाले साडेसोळा फूट. बांधकामातून प्रत्यक्ष गेले ९० चौरस फूट. हॉल भिंती वजा जाता १५ फूट रुंद उरतो. ‘गाडीपायी आमचा हॉल खाल्लात’ असं मला ऐकवणाऱ्यांनी हा आकडा एकदा स्वतः मांडून पाहावा.

करासाठी कंपन्या ज्या गाड्या ४ मीटरच्या आत ठेवतात त्या ३९९५ मिलीमीटरपर्यंत, म्हणजे १३ फूट १ इंच. रुंदी पावणेसहा फुटांच्या आसपास, आरसे वेगळे. १० फुटांतून ती वजा केली की सव्वाचार फूट राहिले. कंपाउंडकडे सव्वा फूट सोडा आणि हॉलकडे ३ फूट. ही हॉलकडची ३ फुटांची पट्टी हाच सगळ्या आखणीचा जीव आहे. दार पूर्ण उघडतं, माणूस वळतो, वॉकर मावतो. क्रेटा १४ फूट २ इंच, तीही बसते. इनोव्हा क्रिस्टा साडेपंधरा फूट. ती आत गेली तर पुढेमागे मिळून फूटभर उरतो आणि आत उघडणारं गेट बंद होत नाही. असं घर मोठ्या गाडीसाठी नाही हे तोंडावर सांगतो, म्हणून काही जण रागावतात.

डावा कोपरा का, तर आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. सरळ आत घातली तर चालवणारा हॉलच्या बाजूला उतरतो. उलटी आत घेतली तर गाडीची डावी बाजू हॉलकडे येते, आणि घरातलं म्हातारं माणूस बहुधा पुढच्या डाव्या सीटवरच बसतं. रोज उलटीच घाला. सकाळी शाळेच्या वेळी रिव्हर्समध्ये रस्त्यावर निघण्यापेक्षा संध्याकाळी शांतपणे मागे घेणं बरं.

गेट १० फुटांच्या खाली नको. रस्ता २० फुटांचा असेल किंवा समोर कायम गाड्या लागत असतील तर १२ घ्या, वळण एका दमात बसतं. दोन पाखांचं गेट आत उघडलं की ५ फूट लांबी खातं, बाहेर उघडायला गटार आणि रस्ता तुमचा नाही. ३० फुटांच्या तोंडावर सरकतं गेट आरामात बसतं: १० फूट उघडी जागा, १० फूट सरकायला, साडेतीन फूट माणसांचं छोटं गेट. रूळ मात्र दर पावसाळ्याआधी साफ करायला लागतो, नाहीतर चिखलाने अडतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

वर सांगितलेला ९० चौरस फुटांचा हिशेब पोर्चवर पत्रा किंवा हलकं छप्पर असेल तोपर्यंत खरा. ‘वर खोली काढू’ हे तीन शब्द आले की गणित बदलतं. वरच्या खोलीच्या कोपऱ्याखाली खांब येतो. तो कोपरा कुठे? बाजूच्या हद्दीपासून ३ फूट आणि रस्त्यापासून ५ फूट. म्हणजे ज्या १० फुटांवर आपण खूश होतो त्यांच्या मध्येच खांब. खांब ९ इंचांचा धरला तर हॉलची भिंत आणि खांब यांच्यात पावणेसात फूट उरतात. पलीकडचे अडीच फूट गाडीच्या कामाचे नाहीत.

वडगावकडच्या एका घरात हेच झालं. मुलाचं लग्न ठरलेलं, वर खोली हवीच होती. माझ्या आराखड्यात वरची खोली मागे ओढलेली होती, पुढे फक्त ४ फूट बाहेर काढलेला सज्जा आणि खाली खांब नाही. प्लिंथ झाल्यावर घरात चर्चा झाली. वरची खोली ९ बाय १२ ची पुढेच घ्यायची, खांब टाकला की बीमही कमी खोल चालतो, एलेव्हेशन, म्हणजे घराचं दर्शनी रूप, सुबक दिसतं, असं गवंड्याने सांगितलं आणि ते पटलं. पोर्चसाठी घरातून साडेसातऐवजी ९ फूट कापले, खांबाचे ९ इंच गेले, उरले सव्वाआठ फूट. सगळ्यांनी टेप लावून पाहिली. गाडी पावणेसहा, जागा सव्वाआठ. बसते!

बसलीच. खांबाकडे ६ इंच ठेवले की हॉलकडे २ फूट. खांब मागच्या दाराच्या मोकळ्या कडेशी आलेला, ते दार जेमतेम किलकिलं व्हायचं. हॉलकडून तरणा माणूस अंग चोरून उतरायचा. आजींना ते जमणं शक्य नव्हतं, त्या वॉकरवर होत्या. मग घरात रीतच पडली: आजींना दवाखान्यात न्यायचं तर गाडी आधी रस्त्यावर काढायची आणि त्यांनी चालत गेटपर्यंत यायचं.

पोर्च रस्त्यापासून फूटभर उंच केलेला. तो फूट गेटलगतच्या पहिल्या ५ फुटांत उतरवलेला, म्हणजे पाचास एक असा चढ. वर हॉलमधलीच उरलेली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल, रंग जुळावा म्हणून. जुलैचा पाऊस. वॉकरच्या पायांचे रबर ओल्या टाइलवर धरत नाहीत, आणि पाचास एक उतारावर वॉकर माणसाच्या पुढे पळतो. आजी त्या ५ फुटांत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर त्या घरात चालताना मला दिसल्या नाहीत.

नंतर बोलावणं आलं, खांब काढता येईल का विचारायला. येत नाही. वर खोली आहे, खोलीवर टाकी आहे. टाइल उखडून खडबडीत काँक्रीट केलं, आडव्या खाचा मारल्या, कडेने पाइपचा कठडा लावला. गाडी आता रस्त्यावर असते आणि पोर्चमध्ये दोन स्कूटर. वरची खोली छान झाली आहे, उजेड भरपूर, तेही खरंच सांगायला हवं. त्या घरातल्या कुणाचा मला राग नाही. टेप लावली होती त्यांनी. फक्त गाडीची दारं बंद ठेवून लावली होती.

म्हणून माझा आग्रह एकच. पाया खणण्याआधी जमिनीवर फक्की मारून पोर्च आखा. खांबांच्या जागी विटा उभ्या करा. कुणाची तरी गाडी आणून त्यात उभी करा आणि चारही दारं पूर्ण उघडा. डिकीही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला पुढच्या सीटवर बसवून उतरवा. खांब टाळता येत नसेल तर तो गाडीच्या नाकाशी किंवा शेपटीशी पहिल्या ३ फुटांत येऊ द्या, मधल्या ७ फुटांत नाही. स्लॅब ४ फूट बाहेर काढणं नेहमीचं काम आहे. साडेसात फूट बाहेर भिंतींसकट खोली पेलायची म्हणजे बीम फार खोल आणि मागचा आधार तेवढाच भक्कम लागतो. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय करू नका.

उताराचं सांगतो. रस्त्यावर थर चढत जातात. काँक्रीट झालं की रस्ता एकदम वर येतो आणि शहापुरातल्या जुन्या घरांचे उंबरे कुठे राहिलेत ते डोळ्यांनी बघता येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बळ्ळारी नाल्याच्या बाजूला पुराचं पाणी घरांत शिरलं, ते नव्याने सांगायला नको. म्हणून लोक पोर्च उंच करतात आणि सगळा चढ गेटपाशी कोंबतात. त्यापेक्षा अख्खा पोर्चच उतरता करा. गेटपाशी रस्त्यापासून ३ इंच, आतल्या टोकाला १२ इंच. साडेसोळा फुटांत ९ इंच, म्हणजे बाविसास एक. वॉकरला चालतं, गाडीचं पोट घासत नाही, हँडब्रेक लावला की पुरे. घराचं जोतं रस्त्यापासून ३० इंच ठेवा, आतल्या टोकाहून ६-६ इंचांच्या तीन पायऱ्या येतात. गेटच्या आत ६ इंच रुंद जाळीची पन्हाळ घाला. उद्या रस्ता ६ इंच वाढला तर पाणी गेटजवळ थांबेल, घरात येणार नाही. गटारही वर आलं तर पन्हाळीतलं पाणी निघणार नाही, तेव्हा तिच्या टोकाला छोटा खड्डा आत्ताच ठेवा, पंप बसवता येईल असा.

खालची जमीन पाहा. खानापूरकडे जांभा, तिथे फारसा त्रास नाही. वडगाव-शहापूरच्या शिवाराकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि चाकांच्या ओळीत फरशी बसते. निदान दोन फूट काळी काढा, मुरूम थराथराने पाणी मारून धुमसा, ९ इंच दगडांचं सोलिंग, ४ इंच काँक्रीट, मग खडबडीत पार्किंग टाइल किंवा पेव्हर.

पोर्चखाली संप, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, येणारच. राकसकोप जलाशयाचं असो की हिडकल धरणाचं, पाणी आपल्या वेळेला येत नाही. ८ बाय ६ बाय ५ फुटांच्या संपात साधारण ६८०० लिटर मावतात. त्यावरचा स्लॅब गाडीच्या वजनासाठी डिझाइन केलेला हवा, खोलीच्या स्लॅबसारखा नको. झाकण चाकाखाली आणि गाडीच्या पोटाखाली दोन्हीकडे नको. हॉलकडच्या त्याच पट्टीत भिंतीलगत घ्या, जड बिडाचं, कड इंचभर वर आणि सगळीकडून उतरती, म्हणजे पोर्चचं पाणी आणि गळलेलं ऑइल आत जात नाही. सेप्टिक टँक अगदी मागच्या टोकाला.

‘मग खालचं सगळंच पार्किंग करू, घर वर’, असंही विचारतात. होतं. पण नुसत्या खांबांवर उभा मजला भूकंपात दुबळा ठरतो, २६ जानेवारी २००१ ला अहमदाबादेत तशा इमारती कोसळल्या. खांब मोठे घ्या, काही ठिकाणी भिंती खालपर्यंत आणा. आणि आजी रोज जिना चढणार आहेत का, ते त्यांनाच विचारा.

पूर्वी मी ठासून सांगायचो की गाडी आतच हवी. रस्ता सगळ्यांचा आहे, दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या तर अँब्युलन्स शिरत नाही. ते आजही पटतं. पण तळमजल्यावर एकच बेडरूम होत असेल आणि घरात दोन म्हातारी माणसं असतील, तर ९० चौरस फूट लोखंडाला द्यायचे की त्यांच्या न्हाणीघराला, हे मला ठासून सांगता येत नाही. काहींना मी गाडी सोडा म्हणालो. त्यातल्या एकांनी नंतर गाडी घेतलीच आणि आता शेजाऱ्यांशी बोलणं नाही.

आणि गुंठ्याचं विचारणाऱ्यांसाठी: ३३ बाय ३३, १०८९ चौरस फूट. तोंड तीन फुटांनी जास्त, आतली लांबी सात फुटांनी कमी. हॉल, स्वयंपाकघर आणि गाडी खाली बसतात, बेडरूम वर जाते. खाली बेडरूम हवीच असेल तर तिथे स्कूटरपुरतंच छप्पर करा आणि गेट मात्र १० फुटांचंच ठेवा.