रंग-नोंद ७ : काळा अखेर काळा झाला

मागच्या नोंदीत मी जरा मिरवूनच लिहिले होते की कॅलिब्रेशननंतर, म्हणजे यंत्राने मापून पडद्याचे रंग जुळवल्यावर, सरासरी डेल्टा-ई (रंगातली चूक; कमी तितकी चांगली) १.४ आला असून छायाचित्रांवर काम करायला लॅपटॉपला जोडलेल्या मॉनिटरचा विषय आता संपला आहे. तो संपलेला नव्हता. गेल्या आठवड्यात जळगावच्या फोटो लॅबमधून बारा बाय अठराचे चार प्रिंट आले. भुसावळला घरी आणून ते खिडकीशी धरले, तेव्हा हतनूर धरणावर टिपलेल्या चक्रवाक बदकाची शेपटी आणि पंखांची टोके म्हणजे डांबराचा एकसंध डाग झालेली दिसली. रावेरकडच्या केळीच्या बागेत पानांखालची सावली पार बुजली होती, आणि चक्रवाकाच्या फिकट डोक्यावरची पिसे पांढऱ्यात विरघळून गेली होती.

मी लॅबवाल्यांना फोन करून बरेच सुनावले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, आम्ही हातसुद्धा लावलेला नाही. तुमची फाइलच तशी आहे, इथे येऊन बघून जा." मी गेलो. फाइल खरोखरच तशी होती. त्यांच्या जुन्या, काठाला चरा पडलेल्या मॉनिटरवर माझे चित्र प्रिंटमध्ये दिसले तसेच काळेकुट्ट दिसत होते, आणि मी त्यांच्याकडचा चहा पिऊन परत आलो.

येताना रेल्वेत उलटा विचार सुरू झाला. प्रिंट काळा येतो, याचा अर्थ संगणकावर चित्र सुधारताना मी छाया अधिक गडद केल्या; छाया गडद केल्या, याचा अर्थ मला त्या पडद्यावर धुरकट दिसत होत्या. पांढऱ्याचेही तेच. तो मळका वाटला म्हणून मी तो वर ओढला आणि पिसे घालवली. म्हणजे या मॉनिटरवर 'रंग फिके आहेत, धुके पसरल्यासारखे वाटते' ही जी तक्रार मी तिसऱ्या नोंदीपासून करत आलो आहे, तीच प्रिंटमध्ये उलटी होऊन आली होती.

त्या तक्रारीपायी काय काय करून झाले, हे नियमित वाचकांना ठाऊक आहे. रंग बदलणाऱ्या सगळ्या सोयी तपासल्या : विंडोजचा नाइट लाइट बंद, एचडीआर बंद, मॉनिटरमधला डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, 'मूव्ही' मोड काढून रंग प्रमाणात ठेवणारा एसआरजीबी मोड. एका दुकानदाराने सोन्याचा मुलामा असलेली केबल गळ्यात मारली; तिच्याबद्दल एवढेच सांगतो की लॅपटॉप आणि मॉनिटर जोडणाऱ्या एचडीएमआय केबलमधून आकडे जातात, आणि वाईट केबलने चित्रात ठिपके चमकतात किंवा पडदा मधूनच काळा होतो, रंग मात्र सगळीकडे सारखेच फिके होत नाहीत. दुसऱ्याने आपल्याकडच्या व्होल्टेजला दोष देऊन स्टॅबिलायझर पुढे केला. मॉनिटरच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट असे स्वच्छ छापलेले असताना तो घेण्याचे कारण नव्हते, आणि तो न घेण्याइतपत शहाणपण माझ्यात त्या दिवशी शिल्लक होते.

मला खरे फसवले ते काळ्या चौकोनांच्या चाचणीने. आपण सगळेच ती वापरतो. पूर्ण काळ्या पार्श्वभूमीवर २, ४, ६ अशा चढत्या मूल्यांचे (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) चौकोन असतात, आणि ते सगळे वेगळे दिसले की काळ्याची पातळी बरोबर, असे आपण धरून चालतो. माझ्या पडद्यावर अगदी पहिला चौकोनही दिसत होता. मी खूश होतो. चौकोन दिसतात, पण ज्याच्यावर ते दिसतात तो काळा खरोखर काळा आहे का, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नाही.

तो प्रश्न अखेर पुतण्याने सोडवला, तोही नकळत. रविवारी दुपारी माझ्या अनुपस्थितीत तो लॅपटॉपवर गेम खेळला. संध्याकाळी मी बसलो तेव्हा अक्षरे फुगलेली आणि पुसट होती, पण मागे उघडा असलेला चक्रवाक असा ठसठशीत दिसत होता की मी दिवा लावायचाच विसरलो. त्याला हाक मारली तर तो घाबरून म्हणाला, "काका, मी काही बिघडवलं नाही. गेम अडकत होता म्हणून फक्त रिझोल्यूशन कमी केलं." मॉनिटरच्या माहितीच्या पानावर १३६६ बाय ७६८ दिसत होते. मी परत १९२० बाय १०८० केले आणि धुके आले. पुन्हा १३६६ केले आणि धुके गेले. हा खेळ मी दहा वेळा तरी केला असेल. शेवटी पुतण्या कंटाळून निघून गेला.

कारण कळल्यावर सगळे सोपे वाटते. दूरचित्रवाणीच्या पद्धतीत आठ बिटांच्या ० ते २५५ या पट्ट्यातला काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर ठेवतात, आणि खालीवर थोडी मोकळी जागा सोडतात. संगणकाच्या पद्धतीत काळा ० वर आणि पांढरा २५५ वर असतो. एचडीएमआय ज्या तांत्रिक मानकावर उभे आहे त्यात ठरलेले आहे की दूरचित्रवाणीच्या आकाराचे चित्र असेल तर, वेगळे काही सांगितले नसल्यास, १६–२३५ धरायचे आणि संगणकी आकाराचे असेल तर ०–२५५. आता १९२० बाय १०८० हा आकार टीव्हीचाही आहे! त्यामुळे माझा लॅपटॉप मॉनिटरला टीव्ही समजून १६–२३५ पाठवत होता, आणि मॉनिटर मात्र ते आकडे ०–२५५ चेच आहेत असे समजून दाखवत होता. काळा म्हणून आलेला १६ तो करड्या रंगात दाखवणार आणि पांढरा म्हणून आलेला २३५ मळका दाखवणार, हे ओघाने आलेच. १३६६ बाय ७६८ हा टीव्हीचा आकार नसल्यामुळे त्या वेळी दोघांचे एकमत होत होते. चौकोनांच्या चाचणीत मी का उत्तीर्ण झालो, तेही यातून उलगडते : या बिघाडात मूल्ये कापली जात नाहीत, गडद मूल्ये सगळी मिळून वर उचलली जातात, म्हणून प्रत्येक चौकोन आपापल्या जागी वेगळा दिसत राहतो. गैरसमज उलट्या बाजूने झाला असता, म्हणजे लॅपटॉपने ०–२५५ पाठवून मॉनिटरने १६–२३५ धरले असते, तर सुरुवातीचे चौकोन गडप झाले असते आणि मी पहिल्याच दिवशी सावध झालो असतो.

इलाज अर्ध्या मिनिटाचा निघाला. इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटर या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये डिस्प्लेच्या पानावर क्वांटायझेशन रेंज (आकड्यांचा हाच पट्टा) 'डीफॉल्ट' वर होती, ती 'फुल', म्हणजे ०–२५५, केली. मॉनिटरच्या मेनूतही एचडीएमआय रेंजची निवड होती. ती 'ऑटो' वरून काढून तिथेही 'फुल' केली, कारण आता कोणाच्याच समजूतदारपणावर विसंबायची माझी तयारी नाही. एनव्हिडियाच्या कार्डवाल्यांनी हीच गोष्ट आउटपुट डायनॅमिक रेंज या नावाने शोधावी.

त्यानंतर मी जुना कॅलिब्रेशन अहवाल पुन्हा उघडला, आणि मला स्वतःचाच राग आला. त्यात पांढरा ११७ कँडेला (उजेडाचे माप), काळा ०.४६ आणि कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ, २५४ ला १ असे स्पष्ट लिहिलेले होते. माझ्या मॉनिटरसारख्या आयपीएस प्रकारच्या पॅनेलचा कॉन्ट्रास्ट साधारण १००० ला १ असतो, हे आपल्यातल्या नवख्यालाही माहीत असते. मी फक्त डेल्टा-ई पाहिला. प्रोफाइल (मापनातून तयार होणारी, पडद्याच्या रंगांचे वर्णन करणारी फाइल) तपासताना येणारा डेल्टा-ई, प्रोफाइलने पडद्याचे वर्णन किती अचूक केले एवढेच सांगतो. पडदा चांगला आहे की नाही, हे सांगत नाही. कलरिमीटरने, म्हणजे रंग मापणाऱ्या यंत्राने, बिचाऱ्याने आजारी पडद्याचे तंतोतंत वर्णन केले होते, आणि त्या वर्णनावर मी पेढे वाटले होते.

जुने प्रोफाइल काढून टाकले, मॉनिटर अर्धा तास तापू दिला आणि डिस्प्लेकॅल या मापनाच्या प्रोग्रॅममधून ६५०० केल्विन (पांढऱ्याची छटा), गॅमा २.२ (मधल्या छटांचा उजेड), १२० कँडेला हीच लक्ष्ये ठेवून नव्याने मापन केले. पांढरा ११९, काळा ०.१२, म्हणजे कॉन्ट्रास्ट जवळजवळ १००० ला १. डेल्टा-ई १.१ आला, पण या वेळी तो मी शेवटी वाचला. आणखी एक लाभ अनपेक्षित होता. सातपुड्यावरच्या पहाटेच्या आकाशात सलग छटांऐवजी ज्या पायऱ्या दिसत आणि ज्यांचे खापर मी सहा बिटांच्या, म्हणजे कमी छटा दाखवणाऱ्या, पॅनेलवर फोडत आलो होतो, त्या बऱ्याच विरल्या. २५६ पातळ्या २२० मध्ये कोंबल्या जात होत्या आणि वरून कॅलिब्रेशनची रंग दुरुस्त करणारी वक्ररेषाही आपला वाटा खात होती, मग पायऱ्या दिसणारच. सगळ्या गेल्या नाहीत. क्षितिजालगत दोन-तीन अजून आहेत, आणि त्या मात्र पॅनेलच्याच असाव्यात.

त्यामुळे दिवाळीत रुंद गॅमटचा, म्हणजे जास्त रंग दाखवणारा, नवा मॉनिटर घेण्याचा बेत रद्द करतो. त्या पैशांत टेबलामागची पोपटी भिंत करडी रंगवायची आणि प्रिंट पाहायला ५००० केल्विनचा चांगला दिवा घ्यायचा. वैशाखात आपल्याकडे चार वाजता जे ऊन खिडकीतून आत घुसते, त्यासाठी जाड पडदाही त्याच खर्चात बसेल.

हे लिहिता लिहिता एक कल्पना सुचली म्हणून नोंद अर्धी ठेवून उठलो. बिघाडाचे गणित माहीत असेल, तर चुकीच्या पडद्यावर पूर्ण केलेल्या चित्रांना, चित्र सुधारण्याच्या प्रोग्रॅममधल्या लेव्हल्समध्ये, आउटपुट १६ ते २३५ दिले की मी तेव्हा जे पाहत होतो तेच आता योग्य पडद्यावर दिसायला हवे, आणि वर्षभराची चित्रे एका दमात सुधारायला हवीत. केळीच्या बागेवर करून पाहिले. पानांखालची सावली उघडली, पण खोडाजवळचा काळा करडा पडला आणि चित्रावर तेच ओळखीचे धुके उतरले. साहजिकच आहे, तेव्हाही मला ते धुके आवडत नव्हतेच, मी फक्त त्याच्याशी झगडत होतो. शिवाय मध्ये जुन्या कॅलिब्रेशनची वक्ररेषा असल्याने हिशेब इतका सरळ बसत नाही. तेव्हा पळवाट सोडून निवडक चाळीस चित्रे कॅमेऱ्यातल्या मूळ रॉ फाइलींपासून पुन्हा करायची, हेच ठरले. चक्रवाक कालच झाला. शेपटीतली पिसे मोजता येतात.

एक खबरदारी राहिली. डेस्कटॉपची पार्श्वभूमी मी आता निव्वळ काळी ठेवली आहे. रोज बसण्यापूर्वी खोलीतला दिवा मालवून केबल एकदा काढतो. सिग्नल गेल्यावर मॉनिटर झोपण्याआधी जो काळा दिसतो आणि केबल जोडल्यावर जो दिसतो, ते दोन्ही सारखे हवेत. काल रात्री ग्राफिक्सचा ड्रायव्हर आपोआप अद्ययावत झाला, आणि आज सकाळी केबल जोडताच पडदा किंचित राखाडी झाला. सेटिंग पुन्हा 'डीफॉल्ट' वर गेलेली होती.