नुसतं गाणं

घरी बनवलेल्या डीव्हीडीवर नुसतं गाणं ठेवता येत नाही. ठेवायचंच असेल तर चित्राच्या सोबतीनं. टीव्हीखालच्या साध्या प्लेअरवर मेनूसकट चालणारी डीव्हीडी हवी असेल, तर गाणं वाजत असताना पडद्यावर काहीतरी दिसलंच पाहिजे, असा त्या प्रकाराचा दंडकच आहे. फोटो चालेल, रंगाचा पट्टा चालेल, अगदी काळा पडदाही चालेल. पण एकटा आवाज चालणार नाही. पूर्वी बाईमाणसानं तिन्हीसांजेला बाहेर पडायचं तर सोबत निदान एखादं पोर तरी हवं म्हणायचे, तसलाच हा नियम.

गंमत म्हणजे तयार डीव्हीडी संगणकात घालून उघडली की आत बहुधा दोन फोल्डर दिसतात. एकाचं नाव व्हिडिओ_टीएस, दुसऱ्याचं ऑडिओ_टीएस. ऑडिओवालं उघडावं तर आत काही नाही. ते डीव्हीडी-ऑडिओ नावाच्या वेगळ्या प्रकारासाठी राखून ठेवलेलं असतं आणि तो प्रकार आपल्याकडे कुणाच्या घरी वाजताना मी तरी पाहिला नाही. सगळा आवाज शेजारी, व्हिडिओच्या खोलीत, चित्राच्या पोटात.

हे सगळं करायचं कारण आत्या. नाशकात पंचवटीत राहते. घरात स्मार्ट टीव्ही आला, नातवानं त्यात यूट्यूब लावून दिलं, पण आत्याची भिस्त अजून डीव्हीडी प्लेअरवर. त्याच्या रिमोटवरची बटणं तिला अंधारात सापडतात. यूट्यूबबद्दल तिचं एकच म्हणणं, "मी लावते एक आणि ते दाखवतं तिसरंच." तिच्यासाठी काकांच्या एकसष्टीची व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर उतरवून झाली. बऱ्यापैकी दर्जा ठेवला तरी तासाभराच्या चित्रीकरणाला सव्वादोन जीबीच्या आसपास जागा लागते. खोक्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं आणि संगणक ४.३८ दाखवतो; दोघंही खरंच बोलतात, एक हजारानं मोजतो, दुसरा १०२४ नं. काही का असेना, निम्मी तबकडी रिकामी राहत होती. आत्या म्हणाली, "मग आमची भजनं घाल की त्यात."

तिचं भजनी मंडळ काळाराम मंदिरामागच्या गल्लीतल्या एका वाड्यात एकादशीला बसायचं. वाडा पडला, तिथं आता पार्किंगवाली इमारत आहे. पण नव्वदीच्या दशकात कुणीतरी टू-इन-वन टेप मधोमध ठेवून लाल बटण दाबलेलं होतं, त्या कॅसेटी आत्याच्या कपाटात साड्यांच्या खाली निघाल्या. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाच्या लाइन-इनमध्ये घालायची आणि ऑडासिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करत बसायचं. हे काम घाईचं नाही. तासाची कॅसेट उतरवायला तास लागतोच, आणि तेवढा वेळ ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं.

खरखर काढायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी ती बेतानंच वापरतो. जास्त ओढली की खरखरीबरोबर टाळांची किणकिणही जाते आणि बायका पाण्याखालून गातायत असं वाटायला लागतं. एका अभंगाच्या ऐन मध्यावर कुकरची शिट्टी आहे. तिसरी शिट्टी होताच पेटी वाजवणाऱ्या बाई पेटी न थांबवता म्हणतात, "अगं, गॅस!" पुढच्या ओळीला कोरसमधला एक आवाज कमी होतो आणि ध्रुपदाला परत येतो. हे कापायचं का, असं मी आत्याला विचारलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की तो विषय तिथंच मिटला.

सीडीवरच्या आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, डीव्हीडीला ४८,००० लागतात. तेव्हा बदल करून घ्यावा लागतो, तो सॉफ्टवेअर निमूटपणे करतं. आवाज जसाच्या तसा, न दाबता ठेवला तर तासाला जवळपास ७०० एमबी जागा जाते. डॉल्बी डिजिटल या पद्धतीनं, सेकंदाला १९२ किलोबिटच्या साध्या दरानं दाबला तर तासाला ९० एमबीसुद्धा लागत नाही. म्हणजे उरलेल्या अर्ध्या तबकडीत आत्याचं सगळं कपाट बसेल. अडचण जागेची नव्हतीच. चित्र काय दाखवायचं, ही होती.

पहिला उमेदवार मंडळाचा ग्रुप फोटो. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, आणि अशी चित्रं सेकंदाला २५. म्हणजे चार मिनिटांच्या अभंगात तोच फोटो सहा हजार वेळा येऊन जातो. संगणक हुशार असल्यामुळे 'मागच्यासारखंच' एवढीच नोंद करत पुढं जातो आणि म्हणून त्याला जागा फार लागत नाही. बघणारा तितका हुशार नसतो. तो सहा हजार वेळा बघतो.

शिवाय जुने टीव्ही चित्राच्या कडा खातात. म्हणून शहाणा माणूस चारी बाजूंनी थोडं मार्जिन सोडून फोटो बसवतो. मी तसा बसवला. आत्या म्हणाली, "फोटो एवढा लहान का केलास?" म्हटलं, नाहीतर कडेच्या काकू कापल्या जातात. त्यावर आत्या जराही न थांबता म्हणाली, "तिला कापलीस तरी चाललं असतं. सूर कधी लावला नाही मेलीनं."

मग तो फोटो लावून घरात चाचणी झाली. पहिला अभंग निम्मा होईपर्यंत खोलीत गाणं कुणीच ऐकत नव्हतं. ही कोण, तिची ती जांभळी पैठणी, त्या पाठीमागच्या खिडकीत कोण डोकावतंय, ही गेली ना रे मागच्या वर्षी, छे रे, ती तिची जाऊ गेली. फोटो बोलायला लावतो, हा त्याचा गुणच आहे. फक्त ज्या वेळी कुणीतरी गातंय त्या वेळी तो गुण नको असतो. गोदाघाटाचे फोटो लावून बघितले, तर लोक रामकुंडाला पाणी किती आहे यावर घसरले. नाशकात गंगेचा, म्हणजे आमच्या गोदावरीचा, फोटो दाखवायचा आणि पुराचा विषय निघू द्यायचा नाही, हे अशक्य आहे.

शेवटी काळा पडदा. तर भाचा उठून टीव्हीमागची वायर हलवायला गेला.

खरं तर चित्र आणि आवाजाच्या या जोडीचा प्रश्न नाशकाला नवा नाही. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. १९१३ साली मुंबईत पहिला मूकपट दाखवला आणि लवकरच सगळं बस्तान नाशकात हलवलं. त्यांची अडचण आमच्या बरोबर उलटी. चित्र होतं, आवाज नव्हता. मूकपटांच्या थिएटरात पडद्याशेजारी पेटी-तबलेवाले बसायचे ते त्यासाठी. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांच्या स्मारकात आम्ही दर पाहुण्याला घेऊन जातो, आणि तिथं मला हटकून त्या पेटीवाल्यांची आठवण येते. त्यांचं स्मारक कुठं नाही. उलट नुसत्या गाण्याला तेव्हा चित्राची गरज कुणालाच वाटत नव्हती. थोर गवई विष्णू दिगंबर पलुस्कर शेवटची वर्षं याच पंचवटीच्या परिसरात रामनामात रमले, त्यांचा मुलगा दत्तात्रेय १९२१ साली नाशकातच जन्मला आणि पुढं त्याच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं, बघायला फार तर गरगरणारं लेबल. आत्याच्या सासूबाई रेडिओसमोर तांदूळ निवडत बसायच्या. रेडिओवर काय दिसतंय हे त्यांना कुणी विचारलं नाही.

मी केलं ते इतकंच. पडदा काळा, खालच्या बाजूला फिक्या अक्षरात अभंगाचं नाव आणि आवाज कुणाचा ते, बस्स. अक्षरं असली की टीव्ही बिघडलेला नाही हे कळतं, आणि वाचून झालं की डोळ्यांना दुसरं काम उरत नाही. नावं मुद्दाम बारीक ठेवली नाहीत, कारण मंडळातल्या उरलेल्या सगळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली आहेत किंवा व्हायची आहेत.

मेनूमागं संगीत वाजवायची हौस मात्र मी टाळली. तिथं वीस-तीस सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरतो, आणि आपल्या घरांत मेनू लावून ठेवून लोक चहा करायला जातात. सगळी भजनं एकाच शीर्षकाखाली ठेवून प्रत्येकाला वेगळं प्रकरण दिलं. एका शीर्षकात अशी ९९ प्रकरणं बसतात. वेगवेगळी शीर्षकं केली असती तर गाणं संपल्यावर पुढं कुठं जायचं हे प्रत्येकाला सांगत बसावं लागलं असतं. आता आत्या एक बटण दाबते आणि एकादशी आपोआप पुढं सरकते. नको असलेलं भजन आलं की 'पुढे'चं बटण. ते कुणाचं असतं हे सांगायची गरज नाही.

तबकडी तयार झाली, फायनलाइझ केली, म्हणजे तिच्यावरचं लिखाण कायमचं बंद केलं, कारण त्याशिवाय घरचे प्लेअर ती ओळखायला नाखूश असतात. प्रती वाटल्या. पुण्याच्या मावसभावाच्या लॅपटॉपला तबकडी घालायची खाचच नाही, म्हणून त्याला तीच भजनं एमपी३ करून पेन ड्राइव्हवर दिली. चित्राची सक्ती नाही, दंडक नाही, निव्वळ आवाज. रात्री त्याचा फोन आला.

"अरे, छान आहेत. पण फोटो उघडत नाहीयेत माझ्याकडे."